पिलांत कोंबडे किती, ठेवायचे किती?

मंडळी, आजचा धडा कोंबड्यांचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात कोंबड्या असतील. ज्यांच्या दारात नाहीत, त्यांच्या मनात "दहा-वीस पिले आणून पाहावी" असे कधी ना कधी येऊन गेलेच असेल. मीही शाळेतून निवृत्त झाल्यावर तेच केले. चुका पुष्कळ केल्या. त्यातल्या दोन-तीन पुढे सांगेनच.

पण हा धडा मुख्यतः आमच्या आळीतल्या एका ताईंचा आहे. नाव सांगत नाही, कारण त्या हे पुस्तक वाचणार आहेत. ताईंनी बचत गटातून पाच हजार रुपये कर्ज काढले. महिन्याला पाचशे रुपये हप्ता. होळीच्या आधी तालुक्याच्या बाजारातून त्यांनी एक दिवसाची तीस पिले आणली. काही वनराज, काही गिरिराज, काही गावठी, अशी मिसळ होती. ताईंच्या मनात हिशेब होता: तीस पिले, म्हणजे तीस कोंबड्या. तीस कोंबड्या, म्हणजे घरात अंडीच अंडी. त्यातून हप्ता जाईल, आणि मुलीचा कॉलेजच्या एस. टी. चा पासही निघेल.

पहिल्या रात्रीच दोन पिले गारठून मेली. एक मांजराने नेले, एक घारीने. सव्वीस राहिली. तीन महिने झाले आणि एके दिवशी पहाटे अंगणातून चार-पाच गळे एकदम आरवू लागले. ताई सकाळीच माझ्या दारात आल्या.

"गुरुजी, घात झाला. निम्म्याच्या वर कोंबडंच निघालं की!"

आम्ही दोघांनी मोजले. चौदा कोंबडे, बारा तलंगा.

मी म्हटले, "ताई, यात घात काही नाही. नर-मादी न निवडता पिले घेतली, की साधारण निम्मे कोंबडे निघायचेच. सव्वीसात तेरा-तेरा धरायचे. तुमचा एकच जास्त निघाला."

"पण अंडी गोल बघून उबवली की कोंबड्या निघत्यात, आन् टोकदार अंड्यात कोंबडा असतोय, आसं म्हणत्यात न्हवं?"

म्हणतात खरे, पण ते खरे नाही. अंड्याच्या आकारावरून आत काय आहे ते कळत नाही. पिलू नर की मादी, हे कोंबडीच्या पोटातल्या बीजावर ठरते. पाखरांत ते आईकडून ठरते. माणसांत उलटे आहे. तिथे मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. तरी मुली झाल्या म्हणून आपण बाईला बोल लावतो. असो, आपण कोंबड्यांकडे वळू.

बाजारात फसू नका

पिले घेताना एक गोष्ट पाहा. आठवड्याच्या बाजारात, जत्रेत, टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिले विकायला येतात. फार स्वस्त असतात. मी निवृत्तीच्या वर्षी नातवाच्या हट्टाने अशी वीस घेतली. पंधरा जगली. रंग उतरला, आतून पांढरी निघाली. सहा महिने दाणा घातला. पंधराच्या पंधरा कोंबडे! एक अंडे मिळाले नाही.

त्याचे कारण मला मागाहून कळले. मोठ्या अंड्यांच्या व्यापारात फक्त माद्या लागतात. म्हणून उबवणी केंद्रात जाणकार माणसे पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या अंडी घेणारे लोक नेतात. उरलेले नर रंगवून बाजारात येतात. ती जात अंड्यांची असते. त्यामुळे त्यांच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. तेव्हा पिले घ्यायची तर पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रातून किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्या. जात कोणती, लस कोणती टोचली, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आता लिहिता येते ना तुम्हांला? मग लिहा.

पहिला महिना

ताईंची दोन पिले गारठून मेली. का मेली? दिवा लावला होता. पण तो हल्लीचा पांढरा एलईडी दिवा होता. तो उजेड देतो, ऊब देत नाही. पिलांना जुना पिवळा, तापणारा बल्ब लागतो. एका पिलाला दोन वॅट धरा. तीस पिलांना किती? तीस दुणे साठ. साठ वॅटचा एक बल्ब पुरतो. बल्ब मिळत नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल, तर शेगडीत निखारे ठेवून वर पत्रा टाका. पण धूर कोंडू देऊ नका. खुडूक कोंबडी असेल तर सगळ्यांत उत्तम. तिच्या पंखाखाली रात्री पिले हळूच सोडली की पुष्कळदा ती आपली मानते.

ऊब पुरते की नाही, हे पिलेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली, तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली, तर उकडते आहे. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली, तर बरोबर आहे. दर आठवड्याला दिवा थोडा वर उचलायचा. चार आठवड्यांनी, हवा पाहून, काढून टाकायचा.

मिसळीच्या पिलांत एक अडचण असते. वनराज-गिरिराजची पिले झपाट्याने वाढतात. गावठी पिलू मागे राहते. मोठी पिले त्याला भांड्याजवळ येऊ देत नाहीत. म्हणून दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

लस चुकवू नका. आपण ज्याला मानमोडी म्हणतो, तो राणीखेत रोग एका रात्रीत सगळे खुराडे रिकामे करतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. दोन महिन्यांच्या सुमारास टोचणी. लसीची बाटली शंभर पिलांची असते, आणि एकदा फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते. एकट्याला ती परवडत नाही. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

कोंबडा ओळखावा कसा?

दीड महिन्यापर्यंत नुसत्या नजरेने नीट कळत नाही. पुढे ज्याचा तुरा लवकर लाल आणि मोठा होतो, गळ्याखालची कातडी लाल होऊन लोंबू लागते, पाय जाड दिसतात, तो बहुधा कोंबडा. तीन महिन्यांनंतर खात्रीची खूण मिळते. पिलू हातात घ्या. कमरेवरचे, शेपटीच्या अलीकडचे पीस पाहा. टोक गोल असेल तर तलंग. टोक भाल्यासारखे निमुळते आणि पीस चकचकीत असेल तर कोंबडा.

नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका. पाच-साडेपाच महिन्यांची तलंग अंड्यावर येण्याच्या वेळी तिचाही तुरा लाल होतो. मी अशी एक तलंग कोंबडा समजून विकली. घेणाऱ्याने चार दिवसांनी मला मुद्दाम बोलावून अंडे दाखवले. मुख्याध्यापकाची ही परीक्षा नापास झाली.

"कोंबडा नाही तर अंडी कशी?"

ताईंचे चौदा कोंबडे आम्ही असे पीस पाहून पक्के केले. मग मी म्हटले, "ताई, आता यांना विकायला काढा."

ताई दचकल्या. "सगळं? गुरुजी, कोंबडा न्हाई तर कोंबड्या अंडी कशा देतील?"

ही समजूत गावोगाव आहे, म्हणून नीट सांगतो. कोंबडी वयात आली, पोटभर दाणा मिळाला, की ती अंडे देतेच. त्याला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिलांसाठी. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिलू निघत नाही, एवढाच फरक. खायला दोन्ही अंडी सारखीच. कस सारखा, चव सारखी. उलट उन्हाळ्यात कोंबड्याशिवायचे अंडे जास्त टिकते, कारण उष्णतेने त्यात जीव वाढायला लागत नाही. म्हणजे ज्याला नुसती अंडी विकायची आहेत, त्याने एकही कोंबडा ठेवला नाही तरी चालते.

तेवढ्यात ताईंच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मास्तर, दारात कोंबडा आरवला पायजे. घराला शोभा असती. आन् एक देवीला बोललेला हाय."

धाकटा मुलगाही रडवेला झाला. तांबड्या पिसांच्या एका कोंबड्याचे नाव त्याने राजा ठेवले होते. तो त्याच्या हातावर येऊन दाणे खाई.

मी कुणाशी वाद घातला नाही. म्हटले, "ताई, वही आणा. हिशेब मांडू, मग तुम्हीच ठरवा."

वाढलेला कोंबडा बांधून ठेवला तर दिवसाला साधारण शंभर ग्रॅम तरी खातो. चौदा कोंबड्यांचे १४०० ग्रॅम, म्हणजे एक किलो चारशे ग्रॅम. तीस दिवसांचे ४२ किलो. दाणा ३५ रुपये किलो धरला तर ४२ गुणिले ३५, म्हणजे १४७० रुपये. पण ताईंच्या कोंबड्या मोकळ्या हिंडतात. किडे, गवत, खळ्यावरचे दाणे खातात. म्हणून आम्ही निम्मेच धरले. ७३५ रुपये.

ताईंनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. "म्हंजी गटाच्या हप्त्यापरीस जास्त?"

"हो. हप्ता ५००. कोंबडे खाणार ७३५."

मग दुसरी बाजू मांडली. बारा तलंगा सहा महिन्यांच्या झाल्या, की अंड्यावर येतील. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास ते सत्तर अंडी देते. सुधारित जातीची शंभराच्या पुढे जाते. मिसळीत सरासरी १०० धरू. बारा कोंबड्यांची वर्षाला १२०० अंडी. महिन्याला १००. अंडे दहा रुपयांना गेले तर महिन्याला १००० रुपये. त्यातून कोंबड्यांचा दाणा वजा जायचा. मग चौदा कोंबडे कुणाच्या जिवावर पोसायचे?

तुमच्या गावचा भाव वेगळा असेल. तुमचे आकडे घालून हे गणित वहीत करून पाहा.

खाण्याचा खर्च ही तर निम्मीच गोष्ट झाली. बारा कोंबड्यांत चौदा कोंबडे म्हणजे कोंबड्यांचे हाल. कोंबडे वयात आले की एकामागून एक कोंबडीच्या पाठीवर बसतात. तिच्या पाठीची पिसे झडतात. पायाच्या काट्याने कातडी फाटते. भिऊन ती खुराड्यातून बाहेर येत नाही, दाणा खात नाही, अंडी कमी होतात. कोंबडे आपसांत लढून डोळे फोडतात. पिलूपणी एका डालग्यात झोपलेले भाऊसुद्धा मोठेपणी एकमेकांना सोडत नाहीत. माझ्याकडे मायेपोटी चार कोंबडे राहिले होते. सात कोंबड्यांपैकी एक जखम चिघळून मेली. ती माझी सर्वांत चांगली अंड्याची कोंबडी होती.

पिले काढायची असतील तर आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बारा असल्या तरी एकच धडधाकट कोंबडा भागवतो.

विकायचे कधी?

चार-साडेचार महिन्यांत अशा मिसळीचा कोंबडा दीड-दोन किलो भरतो. त्यापुढे वजन हळू वाढते, खाणे मात्र तेवढेच राहते. म्हणून तिथेच विकावा. त्यातही महिना पाहावा. आषाढात, आपल्या भाषेत आखाडात, गावठी कोंबड्याला मागणी असते. श्रावण लागला की निम्मी घरे खात नाहीत, भाव पडतो. होळीच्या सुमारास आणलेली पिले बरोबर आखाडात विकायला येतात. ताईंनी हे ठरवून केले नव्हते, पण वेळ साधली. गावच्या जत्रेच्या आधीही असाच भाव येतो. तुमची जत्रा कधी, ते पाहून चार-साडेचार महिने मागे मोजा आणि तेव्हा पिले आणा.

झुंजीसाठी कोंबडा मागायला कुणी आला, जास्त पैसे देतो म्हणाला, तर देऊ नका. जनावरे झुंजवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

ठेवायचा तो कुठला?

ताईंना पुढे पिलेही घरीच काढायची होती. तेव्हा एक कोंबडा ठेवणे आले. मुलगा म्हणाला, "राजा ठेवू."

राजा होताही देखणा. डोळे तेजदार, पाय सरळ, छाती रुंद. माणसाच्या अंगावर येत नसे. ही खूण महत्त्वाची आहे. जो कोंबडा पोरांच्या अंगावर झेप घेतो, तो कितीही वजनदार असो, ठेवू नका. लहान मुलाचा डोळा त्याच्या चोचीच्या उंचीवर असतो.

पण राजात एक दोष होता. तो आणि बारापैकी पुष्कळ तलंगा एकाच घाण्यातल्या, बहुधा भाऊ-बहिणीच. एकाच रक्तात पिले काढत गेले की अंडी कमी फुटतात, पिले अशक्त निघतात. गावठी कोंबडी आपल्याकडे लहान होत गेली, त्यात हेही एक कारण आहे. घरचाच कोंबडा, घरचीच कोंबडी, पिढ्यान् पिढ्या. म्हणून कोंबडा दुसऱ्या गावचा आणावा, आणि दोन वर्षांनी बदलावा.

आणखी एक. वनराज, गिरिराज या जाती संकरातून तयार केल्या आहेत. त्यांची पिले घरी काढली तर ती सगळी आईबापांसारखी निघत नाहीत. काही चांगली, काही साधी. वाईट होत नाही, पण फार मोठी आशा धरू नये.

ताईंच्या गटातल्या एका बाईचे माहेर पलीकडच्या गावी. तिथे निराळ्या ठिकाणाहून आणलेल्या कोंबड्या होत्या. त्यांनाही बाहेरचा कोंबडा हवा होता. अदलाबदल ठरली. मुलाला समजावणे सोपे गेले नाही. मी त्याला म्हटले, "राजा कापायला जात नाही रे, दुसऱ्या गावचा कारभारी व्हायला जातो आहे." तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आलेला नवा कोंबडा ताईंनी तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. बाहेरून आलेले पाखरू लगेच कळपात सोडू नये. रोग असेल तर तेवढ्या दिवसांत दिसतो. लसही पुन्हा विचारून घ्यावी.

बाकीच्या तेरांपैकी एक देवीचा. सासूबाईंचा शब्द राहिला. बारा आखाडात विकले. ४०० रुपयांनी बारा, किती झाले? ४८०० रुपये. कर्ज पाच हजारांचे होते, हे तुम्हांला आठवत असेल.

भाद्रपदात पहिले अंडे आले. नवा कोंबडा कोंबड्यांत फिरू लागला. दाणा सापडला की आधी टकटक करून कोंबड्यांना बोलावतो, घार दिसली की ओरडतो. सासूबाई म्हणाल्या, "आता आंगण भरल्यावानी वाटतं."

दिवाळीनंतर एक गावठी कोंबडी खुडूक झाली. ताईंनी आठवड्याच्या आतली, गार जागी ठेवलेली बारा अंडी तिच्याखाली बसवली. सातव्या रात्री मला बोलावले. अंधारात मोबाईलच्या बॅटरीसमोर एकेक अंडे धरून पाहिले. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, ते ठेवले. दोन अंडी अगदी स्वच्छ दिसली, त्यांत जीव नव्हता. ती काढली. दहा राहिली.

एकविसाव्या दिवशी नऊ फुटली. मुलगा धावत सांगायला आला. राजावरून धरलेला राग तो विसरला होता. त्याने मला विचारले, "गुरुजी, नवात कोंबडं किती असतील?"

मी म्हटले, "चार किंवा पाच धर. तीन महिने झाले की पीस पाहू."

त्याने ते वहीत तारीख घालून लिहून ठेवले आहे.